शिफारस आणि वशिला : डॉ. आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील एक धडा

पदवी परीक्षेचा निकाल लागला की अनेक घरांत एक नवी काळजी सुरू होते. पुढील शिक्षणासाठी बाहेरच्या विद्यापीठाकडे अर्ज करायचा, तर तेथे दोन-तीन शिफारसपत्रे मागतात. ती आणायची कोणाकडून? अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, ज्या घरात पहिल्यानेच कोणी पदवीधर झालेले असते, तेथील वडीलमंडळी साहजिकच एखादी मोठी ओळख शोधू लागतात. अशा पालकांनी व विद्यार्थ्यांनी डॉ. भीमराव आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन अवश्य पाहावे.

सुभेदार रामजी सकपाळ यांचे हे चौदावे अपत्य १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मले. पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. मोठ्या लोकांत ऊठबस असणारे हे घर नव्हते. त्यात अस्पृश्यतेचा जाच. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णराव अर्जुन केळूसकर या शिक्षकांनी त्यांना हेरले. त्यांनी मुलाची चौकशी केली आणि त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्कारसभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले.

पुढे कॉलेजचा खर्च झेपेना. तेव्हा केळूसकरांनी बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडे या विद्यार्थ्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी मुलाला समोर बोलावून प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. केळूसकरांच्या शब्दाने दार उघडले खरे. पण आत जाऊन उत्तरे भीमरावांनाच द्यावी लागली. १९१२ साली ते बी. ए. झाले.

१९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी अपार परिश्रम केले. १९१५ साली एम. ए. झाले. सेलिग्मन हे काही त्यांच्या वडिलांचे परिचित नव्हते. विद्यार्थ्याचे काम त्यांनी वर्गात पाहिले होते, एवढाच संबंध. तो पुरेसा ठरला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याविषयी शिफारसपत्र लिहिले.

१९१६ साली भीमराव लंडनला दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. अशा वेळी तेथील प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शब्दामुळे चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांना मिळाली.

मुंबईत त्यांनी सिडनहॅम कॉलेजात अध्यापन केले. पगारातील शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले. त्या वेळची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिवांना कळविले की, हे गृहस्थ आधीच डॉक्टर झालेले असून केवळ संशोधनासाठी आले आहेत, येथे त्यांनी मिळवावे असे काही उरलेले नाही. हेतू गौरवाचाच होता. वस्तुतः कोलंबियाची पीएच. डी. त्यांना रीतसर मिळाली ती १९२७ साली. भीमरावांनी मात्र लंडनमध्ये १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या मिळविल्या. भले चिंतणाऱ्या माणसाच्या पत्रातही माहिती अपुरी राहू शकते, हा यातील धडा.

डी. एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. परीक्षकांच्या आक्षेपांमुळे तो प्रथम सुधारून द्यावा लागला. तो पुस्तकरूपाने निघाला तेव्हा प्रस्तावना कॅनन यांनी लिहिली. त्यातील बरीच मते आपल्याला मान्य नाहीत, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदविले आणि तरीही लेखकाच्या विचारांतील ताजेपणाची दाद दिली. मतभेद असूनही शिक्षक असा मागे उभा राहतो, तो शिष्याचे काम पाहूनच.

विद्यार्थी मित्रांनो, शिफारस आणि वशिला यांत फरक आहे. वशिला माणसाच्या ओळखीवर चालतो, शिफारस त्याच्या कामावर. म्हणून ज्यांनी तुम्हाला शिकविले, तुमची वही तपासली, तुमचा प्रकल्प पाहिला, त्यांच्याकडेच जा. नगरसेवक किंवा आमदार यांचे पत्र दिसायला वजनदार असते. पण तुम्ही प्रयोगशाळेत कसे काम करता हे त्यांना काय ठाऊक? मुदतीच्या निदान महिनाभर आधी विनंती करा. सोबत गुणपत्रिका, एखादा चांगला निबंध, कोठे व कशासाठी अर्ज करीत आहात याचे टिपण आणि शेवटची तारीख लेखी द्या, म्हणजे पत्रात चुकीची माहिती जाणार नाही. आज बहुतेक विद्यापीठे हे पत्र थेट शिक्षकांकडून संगणकावर मागवितात. तेव्हा मुदतीच्या आठवडाभर आधी नम्रपणे आठवण करण्यात संकोच नको.

आणि निकाल काहीही लागो, तो त्या शिक्षकांना जाऊन सांगा. बाबासाहेबांनी हे ऋण विसरले नाही. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला होता आणि त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांची होती.