फ्रँकलिन पिअर्स : कायदा जाणला, न्याय नाही

अब्राहम लिंकनचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याच्या आठ वर्षे आधी अमेरिकेचा चौदावा अध्यक्ष झालेला फ्रँकलिन पिअर्स मात्र आपल्याला फारसा परिचित नाही. दोघेही वकील; दोघांपुढे प्रश्नही एकच, गुलामगिरीचा. एक अमर झाला, दुसरा विस्मृतीत गेला. असे का घडले, ते पिअर्सच्या जीवनावरून उमगते.

न्यू हँपशायर या अमेरिकेच्या ईशान्येकडील लहानशा राज्यात, हिल्सबरो गावी, २३ नोव्हेंबर १८०४ रोजी त्याचा जन्म झाला. वडील बेंजामिन हे स्वातंत्र्ययुद्धात लढलेले शेतकरी. पुढे ते राज्याचे गव्हर्नरही झाले. स्वतःचे शिक्षण बेताचेच असल्याने मुलांनी शिकावे, ही त्यांची तळमळ होती. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आमच्यासारख्यांना ही तळमळ समजावून सांगायला नको! बोडन कॉलेजात फ्रँकलिन प्रथम उनाडक्या करून वर्गात तळाला गेला. मग जिद्दीने अभ्यास करून १८२४ साली वरच्या क्रमांकाने पदवीधर झाला. थोर कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न हा त्याचा तेथला जिवलग मित्र.

१८२७ मध्ये त्याने वकिलीची सनद घेतली. १८२९ मध्ये तो राज्याच्या विधिमंडळात गेला आणि सव्विसाव्या वर्षी सभापती झाला. १८३३ मध्ये प्रतिनिधिगृह आणि १८३७ मध्ये सिनेट, अशा पायऱ्या तो भराभर चढला. पत्नी जेनला राजकारणाचा तिटकारा होता. १८४२ साली सिनेटचा राजीनामा देऊन तो काँकर्ड शहरी वकिली करू लागला. गोड वाणी, तल्लख स्मरणशक्ती आणि माणसे जिंकण्याची हातोटी यांमुळे ज्यूरीपुढे त्याचा चांगलाच जम बसला.

१८५२ साली डेमोक्रॅटिक पक्षात उमेदवारीवरून पेच पडला. उत्तरेचा असूनही दक्षिणेच्या गुलाममालकांना चालेल असा माणूस हवा होता. ४९ व्या फेरीत पिअर्सची निवड झाली आणि निवडणुकीत ३१ पैकी २७ राज्ये त्याने जिंकली. परंतु दैवाने घाला घातला. दोन मुलगे पूर्वीच दगावले होते. ६ जानेवारी १८५३ रोजी रेल्वे अपघातात अकरा वर्षांचा उरलेला एकुलता एक बेनी आईबापांच्या डोळ्यांदेखत गेला. दोन महिन्यांनी खचलेल्या मनाने पिअर्सने अधिकारग्रहण केले.

१८५४ साली त्याने कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही केली. १८२० च्या तडजोडीने ज्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी होती, तेथे तिला दार उघडले गेले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये पकडलेल्या अँथनी बर्न्स या पळालेल्या गुलामाला मालकाकडे परत पाठवण्यासाठी सरकारी सैन्य उभे केले गेले. १८५५ मध्ये शेजारच्या मिसुरीतून हजारो लोकांनी कॅन्ससमध्ये घुसून मतदान केले. सुमारे २,९०० मतदार असताना ६,३०० मते पडली! तरीही तेथील विधिमंडळ पिअर्सने कायदेशीर मानले. कॅन्ससमध्ये रक्त सांडले.

पिअर्स दुष्ट नव्हता. राज्यघटनेने गुलामगिरी मान्य केली आहे, तेव्हा तिचे रक्षण करणे सरकारचे कर्तव्यच आहे, असे तो प्रामाणिकपणे मानत होता. मात्र ज्याच्या पायात बेडी होती, तो माणूस या युक्तिवादात पक्षकार म्हणून कधी आलाच नाही. हीच त्याच्या जीवनाची शोकांतिका होय.

१८५६ मध्ये त्याच्याच पक्षाने त्याला पुन्हा उमेदवारी नाकारली. १८६३ साली जेन आणि पुढच्याच वर्षी हॉथॉर्न निवर्तला. यादवी युद्धात लिंकनवर टीका करीत तो एकाकी पडला आणि दारूने पोखरलेल्या शरीराने ८ ऑक्टोबर १८६९ रोजी काँकर्डला मरण पावला.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. इतक्या दूरच्या पुण्यातून कृतज्ञता पोहोचली ती बेड्या तोडणाऱ्यांना. कलमांवर बोट ठेवून बेड्या राखणाऱ्यांना नव्हे.

आपल्यापैकी कितीतरी जण बी.ए. नंतर एलएल.बी. कडे वळतील, काही राजकारणातही जातील. कायद्याचे ज्ञान आपल्याला पुस्तकांतून मिळेल. तो कायदा कोणाच्या पाठीवर पडतो, हे मात्र आपले आपणच पाहिले पाहिजे.