डॉ. आंबेडकर आणि धर्मस्वातंत्र्य

नागपूर शहरात दीक्षाभूमी नावाचे एक विस्तीर्ण मैदान आहे. तेथे आज जो पांढरा शुभ्र स्तूप दिसतो, तो इ. स. २००१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. विजयादशमीच्या सुमारास येथे लक्षावधी लोक येतात. विदर्भातील खेड्यापाड्यांतून येतात, तसे दूरदूरच्या प्रांतांतूनही येतात. येथे पुस्तकांची दुकाने रांगेने मांडलेली असतात आणि परतताना पुष्कळांच्या पिशवीत प्रसादाऐवजी ग्रंथ असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ह्याच मैदानावर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. एका माणसाने धर्म बदलणे, ही तशी त्याच्या घरची गोष्ट होय. परंतु हे गृहस्थ भारताच्या राज्यघटनेचा मसुदा सिद्ध करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. राज्याने धर्माच्या क्षेत्रात कोठे पाऊल टाकावे आणि कोठे टाकू नये, ह्या प्रश्नाचा विचार त्यांनी आयुष्यभर केला होता. आणि तो त्यांना पुस्तकांतून नव्हे, तर तहानेतून शिकावा लागला होता.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी होते. घरात पहाटे भजने होत, संतांचे अभंग म्हटले जात, रामायण-महाभारताचे पठण चाले. अशा भाविक घरातला हा मुलगा साताऱ्यास शाळेत जाऊ लागला, तेव्हा त्याला इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची त्याला परवानगी नव्हती. शिपायाने तोटी सोडली, तर पाणी मिळे. शिपाई नसला, तर तो दिवस तहानेत जाई. शाळा सरकारी होती, नळ सरकारी होता, शिपायाचा पगारही सरकारच देत असे. तरीसुद्धा त्या नळावर हुकूम चाले तो रूढीचा, आणि रूढीच्या पाठीशी धर्माचे नाव उभे असे.

इ. स. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या सत्कारप्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव अमेरिकेस व इंग्लंडास जाऊन मोठे विद्वान झाले. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि कायदा ह्या विषयांत त्यांच्या तोडीचे लोक त्या काळी हिंदुस्थानात मोजकेच होते. इ. स. १९१७ मध्ये ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. परंतु कचेरीतले शिपाई कागदांचे गठ्ठे दुरूनच त्यांच्या टेबलावर टाकीत, आणि गावात त्यांना राहावयास कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तर तेथूनही लोकांनी काठ्या उगारून त्यांना बाहेर काढले. महाराजांसारखा उदार राजा पाठीशी असूनही त्यांच्याच राजधानीत विद्वान अधिकाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळू नये! राजाची इच्छा एक आणि गावाची रूढी दुसरी, असा हा पेच होता.

ह्या पेचाचा अधिक स्पष्ट अनुभव महाड येथे आला. सार्वजनिक पैशावर चालणारी पाणवठे, धर्मशाळा, विहिरी ही स्थळे सर्वांना खुली असावीत, असा ठराव इ. स. १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांनी मुंबई कायदेमंडळात संमत करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्याचे पाणी होते तेथेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर मारहाण झाली. विरोधकांनी तळ्याची शुद्धी केली. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करावयाचे ठरले, तेव्हा हे तळे खाजगी आहे असे सांगून विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. हजारो माणसे जमलेली, मने तापलेली. तरीही बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला. निकालास दहा वर्षे लागली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची चाल अनादी काळापासून आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. धर्माच्या नावाने सांगितलेली गोष्ट न्यायासनापुढे पुराव्याच्या कसोटीला लागली आणि ती टिकली नाही. बाबासाहेबांच्या पुढील कार्याचे बीज मला येथे दिसते.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि काही वर्षे रेंगाळत चालला. देवळाचे दार उघडले नाही. दगडाच्या मूर्तीच्या दर्शनाने आपल्या लोकांची दैना संपेल, असे बाबासाहेबांना वाटत नव्हतेच. माणूस म्हणून आपली गणना होते की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. उत्तर मिळाले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथील परिषदेत त्यांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मास येणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून आपण मरणार नाही. ही घोषणा होताच निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांची त्यांच्याकडे रीघ लागली. प्रत्येकजण आपल्या धर्माचे दार उघडून उभा राहिला. बाबासाहेबांनी मात्र घाई केली नाही. त्यांनी एकवीस वर्षे विचार केला. एवढा काळ एखाद्या निर्णयावर विचार करणारी माणसे राजकारणात क्वचितच आढळतात.

ह्या एकवीस वर्षांच्या मध्यभागी घटनेचे काम आले. इ. स. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, देशाची फाळणी होऊन धर्माच्या नावावर रक्त वाहत असताना, बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. शेजारी पाकिस्तान हे राष्ट्र धर्माच्या पायावर उभे राहिले होते. भारतानेही तसेच करावे, असे म्हणणारे लोक होते. घटना परिषदेने तो मार्ग स्वीकारला नाही. घटनेत राज्याला कोणताही धर्म नाही आणि प्रत्येक मनुष्याला आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. हे सांगणारा अनुच्छेद २५ होय. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणाकडूनही कर घेता येणार नाही, असे २७ वा अनुच्छेद सांगतो. पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे २८ वा सांगतो. तुमच्यापैकी जे सरकारी शाळेत शिकत असतील, त्यांचा ह्या अनुच्छेदाशी रोजचाच संबंध आहे.

परंतु राज्याने धर्मापासून केवळ दूर राहावे, एवढ्याने बाबासाहेबांचे समाधान होणार नव्हते. साताऱ्याच्या नळापासूनही सरकार दूरच राहिले होते ना! म्हणून घटनेने स्वातंत्र्य देतानाच एक मर्यादाही घातली. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांना बाध आणणारे आचरण धर्माच्या नावाखाली चालणार नाही. समाजसुधारणेसाठी आणि हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्व वर्गांच्या हिंदूंना खुली करण्यासाठी राज्याला कायदा करता येईल. अनुच्छेद १७ ने तर अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण हा गुन्हा ठरविला. विहिरी, तळी व रस्ते ह्यांच्या वापराबाबत धर्म वा जात ह्यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, हे १५ व्या अनुच्छेदात आले. चवदार तळे अशा रीतीने घटनेत येऊन पोहोचले.

घटना परिषदेतील एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू असता हरि विष्णु कामत ह्यांनी सुचविले की, तिचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. एका सदस्यांनी लगेच विचारले की, ईश्वराचे नाव घ्यावयाचे तर देवीचे का घेऊ नये? दुसऱ्यांनी सांगितले की, ज्याची ईश्वरावर श्रद्धा नाही त्याच्यावरही ही सक्ती होईल. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद ह्यांना अशा विषयावर मते मोजणे आवडत नव्हते. तथापि कामत ऐकेनात. मते मोजली गेली, तेव्हा सूचनेच्या बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ भरली. मते देणाऱ्यांत श्रद्धाळू माणसे थोडी नव्हती. आपली श्रद्धा आपल्यापाशी आणि घटना सर्वांची, असा विवेक त्यांनी केला. पद स्वीकारताना मंत्र्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, असे दोन्ही पर्याय घटनेने ठेवले, तेही ह्याच विवेकाने. धर्मनिरपेक्ष हा शब्द मात्र उद्देशिकेत त्या वेळी नव्हता, तो इ. स. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आला.

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री ह्या नात्याने बाबासाहेबांनी हिंदू संहितेचे विधेयक पुढे नेले. विवाह, वारसा, दत्तक ह्यांविषयीचे नियम एकत्र आणून स्त्रियांना न्याय द्यावा, हा त्याचा हेतू. सरकार धर्मात ढवळाढवळ करीत आहे, अशी ओरड झाली. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, आपल्याकडे जन्मापासून मरणापर्यंतचे सारे व्यवहार धर्माच्या पोटात घातले गेले आहेत. ते सारे धर्म म्हणून अस्पर्श ठेवले, तर कायद्याला सुधारणेसाठी जागाच उरणार नाही. विधेयक रखडले आणि इ. स. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे इ. स. १९५५ आणि १९५६ मध्ये त्यातील बराच भाग निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने संमत झाला.

आता नागपूरकडे वळू. ह्या शहराशी बाबासाहेबांचा संबंध जुना होता. इ. स. १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या परिषदेस ते उपस्थित होते. १९३० आणि १९४२ मध्येही येथे मोठ्या परिषदा झाल्या. इ. स. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर ही अद्याप जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती. विदर्भ मुंबई राज्यात जाण्यास अवघे काही दिवस उरले होते. दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, ह्याविषयी तर्कवितर्क झाले, तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की, बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या प्राचीन नाग लोकांची ही भूमी आहे.

आगगाड्यांनी, बैलगाड्यांनी आणि पायी माणसे येत राहिली. त्यांच्या अंगावर पांढरी वस्त्रे होती. पुष्कळांनी प्रवासाच्या खर्चासाठी घरातले होते नव्हते ते विकले होते. विजयादशमीच्या सकाळी कुशीनगरचे वृद्ध भिक्षू चंद्रमणी ह्यांनी बाबासाहेबांना व त्यांच्या पत्नी सविताबाई ह्यांना त्रिशरण आणि पंचशील दिले. नंतर बाबासाहेबांनी स्वतः लोकांकडे तोंड केले. ज्यांना दीक्षा घ्यावयाची असेल त्यांनी उभे राहावे, असे त्यांनी सांगताच सारे मैदान उभे राहिले. लाखो कंठांनी त्यांच्यामागून बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. दीक्षा घेणाऱ्यांत नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी हेही होते. ख्रिस्ती धर्मप्रसाराची चौकशी करण्यासाठी मध्यप्रदेश सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद ह्याच नियोगींनी भूषविले होते आणि समितीचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. आपले उर्वरित आयुष्य कोणत्या धर्मात घालवावे, हे मात्र त्यांनी स्वतःच्याच मनाला विचारून ठरविले.

त्या मैदानावर पोलिसांनी कोणास अडविले नाही. कोणी परवाना मागितला नाही. राज्याने पाठिंबाही दिला नाही आणि मोडताही घातला नाही. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाचा एवढा मोठा उपयोग तोवर देशात कोणी केला नव्हता, आणि तो ज्यांनी केला त्यांनीच तो मसुद्यात मांडला होता.

दोन दिवसांनी चंद्रपूर येथेही दीक्षा समारंभ झाला. बाबासाहेबांची प्रकृती आधीच खालावली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईस दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, आणि त्या चितेच्या साक्षीने भदंत आनंद कौसल्यायन ह्यांच्याकडून हजारो लोकांनी दीक्षा घेतली.

नागपूरला उभ्या राहिलेल्या त्या माणसांना त्यांच्या निवडीची किंमतही द्यावी लागली. अनुसूचित जातींना मिळणाऱ्या सवलती इ. स. १९५० च्या आदेशाप्रमाणे मुख्यतः हिंदूंपुरत्या होत्या, इ. स. १९५६ मध्ये त्यांत शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. गरिबी तीच, वस्ती तीच, गावाची नजरही तीच. पण धर्माच्या रकान्यात बौद्ध असे लिहिताच केंद्र सरकारच्या त्या सवलतींवरचा हक्क जाई. तरीही जनगणनेच्या वेळी लाखो लोकांनी तो शब्द लिहिला. त्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, वाट पाहिली. शेवटी इ. स. १९९० मध्ये संसदेने त्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. तोपर्यंत चौतीस वर्षे लोटली होती आणि त्या मैदानावर आईबापांचे बोट धरून आलेली मुले प्रौढ झाली होती.