औषध ॲलिस बॉल यांचे, नाव दुसऱ्याचे
अमेरिकेतील सिएटल येथे १८९२ साली कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या ॲलिस बॉल यांनी १९१५ मध्ये हवाईच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्रात एम.एस. केले. तेथील ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

कुष्ठरोगावर तेव्हा चालमोगऱ्याचे तेल देत. पण ते पोटात टिकत नसे, टोचले तर गाठी होत. डॉ. हॅरी हॉलमन यांनी मदत मागितली आणि ॲलिस यांनी त्या तेलापासून शरीरात शोषले जाणारे इंजेक्शन शोधले. १९१६ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी त्यांचे नाव वगळून ते संशोधन प्रसिद्ध केले. हॉलमन यांनी १९२२ मध्ये श्रेय ॲलिस यांना दिले. विद्यापीठाने सन्मान केला तो थेट २००० साली.

मुलींना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवणे हे अर्धेच काम. त्यांच्या कामावर त्यांचेच नाव राहावे, म्हणून लेखी साक्ष देणारे सहकारीही हवेत.