घरदार सोडून निघून गेलेल्या बापाने 1918 मध्ये पोरांना थेट अमेरिकेत शिकायला नेलं

नालासोपारा म्हटलं की विरार लोकलची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण स्टेशनच्या पश्चिमेला, सोपारा गावात बुरूड राजाचा कोट नावाचं एक टेकाड आहे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि एका भांड्याचे तुकडे. हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे असल्याचं मानलं गेलं.

त्या वेळी गोव्यातल्या साखवाळ गावात धर्मानंद कोसंबी नावाचा साडेपाच वर्षांचा पोरगा होता. तरुणपणी ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाबद्दल वाचून त्यांना या विषयाने झपाटलं. गंमत बघा, कोकणच्या मातीतून स्तूप निघत होते, पण ज्या पाली भाषेत बुद्धाची वचनं आहेत ती शिकवणारं आसपास कुणी नव्हतं.

मग 1899 मध्ये त्यांनी घर सोडलं. तोवर लग्न झालेलं होतं आणि माणिक ही मुलगी अजून तान्ही होती. पत्नी बाळाबाई मागे राहिल्या. कोसंबी पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे फिरले. खिशात पैसे नव्हते, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोहोचले. तिथे 1902 मध्ये भिक्षू झाले, पाली शिकले आणि नंतर ब्रह्मदेशातही राहिले.

आज आपण त्यांना आचार्य म्हणतो, ते योग्यच आहे. पण ही सगळी वर्षं बाळाबाईंनी लेकीला घेऊन कशी काढली असतील, हा प्रश्न त्यांचं चरित्र वाचताना टोचत राहतो.

1906 मध्ये ते घरी परतले आणि पुन्हा संसार सुरू झाला. 31 जुलै 1907 ला मुलगा झाला, त्याचं नाव दामोदर. तेव्हा कोसंबी कलकत्त्यात पाली शिकवत होते. पण महाराष्ट्रात राहून काम करायचं म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या महिना 50 रुपयांवर राहायचं ठरवलं. हा माणूस पैशाच्या मागे धावणारा नव्हता, हे यातून कळतं.

1910 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणं आलं. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करायचं काम हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केलं होतं, पण ते अर्धवट टाकूनच ते वारले. प्राध्यापक लॅनमन यांना ते पुरं करायचं होतं. कोसंबी एकटेच गेले. पण ग्रंथावर नाव कुणाचं लागणार, यावरून लॅनमन यांच्याशी बिनसलं आणि 1912 मध्ये ते परत आले. पुढची सहा वर्षं त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं.

1918 मध्ये हार्वर्डने पुन्हा बोलावलं. या वेळी मात्र एकोणीस वर्षांची माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर बरोबर निघाले.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? तर विशेष हे, की आदल्याच वर्षी, 1917 मध्ये, अमेरिकेने कायदा करून भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं. शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी अशा मोजक्यांनाच सूट होती. आणि 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. म्हणजे तिथे शिकता येईल, पण तिथलं होता येणार नाही.

दामोदर बोस्टनजवळच्या केंब्रिज गावात शाळेत जाऊ लागला, बॉय स्काउटही झाला. हार्वर्डमध्ये मुलींना तेव्हा प्रवेश नव्हता. शेजारी त्यांच्यासाठी रॅडक्लिफ कॉलेज होतं, माणिक तिथे शिकली. महाराष्ट्रात मुलींचं मॅट्रिक होणंसुद्धा कौतुकाचं होतं, त्या काळातली ही गोष्ट. ज्या लेकीला तान्ही असताना सोडून गेले, तिला सातासमुद्रापार नेऊन शिकवलं. ही भरपाई होती का? आपण ठरवू शकत नाही. पण तिचं आयुष्य बदललं, एवढं नक्की.

1922 मध्ये धर्मानंद परतले आणि गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात शिकवू लागले. दामोदर मात्र पंधराव्या वर्षी शिक्षणासाठी मागेच राहिला. तो 1924 मध्ये भारतात आला आणि 1926 च्या जानेवारीत वडिलांबरोबर पुन्हा अमेरिकेला गेला. 1929 मध्ये हार्वर्डची पदवी त्याने सर्वोच्च सन्मानासह मिळवली आणि मायदेशी परतला. हेच ते डी. डी. कोसंबी. गणिती तर होतेच, शिवाय 1956 च्या पुस्तकाने भारताचा इतिहास लिहायची पद्धतच बदलणारे.

धर्मानंद पुढे मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, मुंबईत परळला त्यांनी बहुजन विहार उभारला. 4 जून 1947 ला सेवाग्राममध्ये, स्वेच्छेने अन्नत्याग करून, त्यांनी देह ठेवला.

ज्या ग्रंथासाठी त्यांनी अमेरिकेच्या वाऱ्या केल्या, तो ‘विसुद्धिमग्ग’ हार्वर्डने छापला 1950 मध्ये. त्यावर वॉरन यांच्यासोबत धर्मानंद कोसंबी हे नाव आहे.