मळ्यातला वारकरी : श्रीसंत सावता महाराज

दिंडीच्या शताब्दीनिमित्त चाललेल्यांची आठवण निघणारच. आम्ही मात्र इथे सावतोबांचं चरित्र सांगायला घेतलंय. कारण हा संत घर आणि मळा सोडून फारसा कुठे गेलाच नाही, तरी वारकऱ्यांत त्यांचा मान मोठा.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातलं अरण हे त्यांचं गाव. जन्म इ.स. १२५० चा. वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरात भक्ती आधीपासूनच होती. भेंड गावच्या जनाबाईंशी लग्न झालं. विठ्ठल आणि नागाताई ही दोन लेकरं. चारचौघांसारखा प्रपंच होता, आणि तो त्यांनी नेटका केला.

दिवस सगळा उघड्यावर. मोट हाकायची, वाफ्यांत पाणी फिरवायचं, खुरपायचं. हात मातीत आणि मुखी नाम. कांदा, मुळा, लसूण, मिरची, कोथिंबीर अशी मळ्यातली नावं त्यांच्या अभंगांत देवाची होऊन आली. काशिबा गुरवांनी ते अभंग लिहून ठेवले. आज सदतीसच हाती आहेत.

संसारात कुरबुर नव्हती असं नाही. एकदा सासुरवाडीची माणसं आली, तर महाराज भजनात दंग! पाहुण्यांकडे लक्षच नाही. जनाबाई रागावल्या, तेव्हा महाराजांनी त्यांची गोड शब्दांत समजूत घातली, अशी कथा आहे. कीर्तनात ही कथा आली की आमच्या माउल्या एकमेकींकडे बघून हसतात.

दुसरी कथा सर्वांना ठाऊक आहे. पांडुरंग मळ्यात आले आणि लपायला जागा मागू लागले. सावतोबांनी खुरप्याने छाती चिरून देवाला आत घेतलं.

१२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी देह ठेवला. समाधी अरणलाच आहे. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात. सावतोबांच्या पुण्यतिथीला मात्र पंढरपूरहून पांडुरंगाचीच पालखी अरणला येते.

हे आम्ही का सांगतो? घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या आपल्या मंडळींत कुणाला रजा मिळत नाही, कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं. बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या माउलीचा एक दिवस बुडाला तर चूल अडते. निरोप द्यायला येतात, पताकेला हात लावतात, आणि आमची वारी चुकली म्हणून डोळे पुसत लोकल पकडतात. चाललेल्यांची नावं वहीत राहतात, मागे राहिलेल्यांची कुठेच नाहीत. पण त्यांनी घर सांभाळलं, शिधा बांधून दिला, म्हणून तर दिंडी शंभर वर्षं चालली.

त्यांना आमचं एवढंच सांगणं, मन खाऊ नका. हातातलं काम प्रामाणिकपणे करा, नाम सोडू नका. तुमची वारी चुकलेली नाही. अरणची वाट देवालाही चालावी लागते.

राम कृष्ण हरी!