संगीतविद्येचे एक थोर शिक्षक : पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

आमच्या झाडीपट्टीत पेटी, तबला व ढोल ही वाद्ये बहुधा ऐकून ऐकूनच शिकली जातात. आमच्या गायनवृंदातील कित्येक तरुण एखादे गीत पेटीवर अनेकदा वाजवूनही त्याच एका ठिकाणी अडखळतात आणि निराश होतात. त्यांच्याकरिता पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे अल्प चरित्र येथे सादर करीत आहोत.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराचे घरी झाला. बालपणी शोभेच्या दारूच्या अपघाताने त्यांचे डोळे अधू झाले व शालेय शिक्षण खुंटले. तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचेपाशी त्यांस संगीत शिकण्यास ठेविले. गुरूने गावे व शिष्याने तेच पुनःपुन्हा घोटावे, अशी त्या काळची रीत. ही तपश्चर्या करून १८९६ साली ते मिरजेबाहेर पडले.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे लोकाश्रयावर गांधर्व महाविद्यालय स्थापिले. विद्यार्थ्यांकरिता त्यांनी क्रमिक पुस्तके रचिली व स्वरलेखनाची पद्धत सिद्ध केली. तीत स्वराखालील चिन्हावरून त्याचे कालमान कळे. ज्यांस स्वतः वाचणे दुष्कर, त्यांनीच इतरांच्या हाती लिखित स्वर दिले! अकराव्या शतकात इटलीतील ग्वीदो नामक बेनेदिक्तीन संन्याशानेही गायक मुलांची वर्षानुवर्षांची घोकंपट्टी टळावी म्हणून रेघांवर स्वर लिहिण्याची रीत सुधारून दिली होती.

तथापि कागदावर उतरलेला स्वर बोटांत उतरतोच असे नाही. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन यांसारखे विष्णुबुवांचे शिष्य पुस्तकाबरोबरच अखंड रियाजाने घडले.

यावरून आमच्या तरुणांस सांगावेसे वाटते की, प्रथम हातावर ताल धरून गीताचे स्वर तोंडाने म्हणावे, मग ते संथ लयीत वाद्यावर काढावे. सबंध गीत दहादा वाजविण्यापेक्षा जेथे बोट अडते तेवढीच ओळ निराळी घोटावी. ती निर्दोष आली म्हणजे मागील-पुढील ओळींस जोडावी, आणि लय सर्वांत शेवटी वाढवावी. घाईने घोटल्यास चूकच पाठ होते. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा नित्य अर्धा तास बरा.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे विष्णुबुवांचे देहावसान झाले. अधू दृष्टीच्या त्या बालकाने धीर सोडिला नाही. मग एका अवघड ओळीपुढे आम्ही तो का सोडावा?