विश्लेषण : मुलांना मदत मिळावी म्हणून तयार झालेली बुद्ध्यांक चाचणी मुलांनाच वेगळे काढायला कशी वापरली गेली?

मूल बोलायला चुणचुणीत असते, पण वाचताना अडखळते. शुद्धलेखनात तीच ती चूक पुन्हा करते. अशा मुलाला अध्ययन अक्षमता आहे का, हे ठरवण्यासाठी ज्या तपासण्या होतात, त्यांत बुद्ध्यांक चाचणी, म्हणजेच आयक्यू टेस्टही असते. अहवालातला तो आकडा पाहून अनेक पालकांच्या पोटात गोळा येतो. या चाचणीचे मूळ सुमारे १२० वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये, आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे. बिने यांना मात्र हा आकडा मुलावरचा शिक्का व्हायला नको होता.

बिने कोण होते?

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस शहरात झाला. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, पण ओढ मानसशास्त्राची होती आणि ते त्यांनी बरेचसे ग्रंथालयात बसून स्वतःच शिकून घेतले. पुढे पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात प्रसिद्ध डॉक्टर शार्को यांच्या हाताखाली ते संमोहनावर प्रयोग करू लागले. लोहचुंबक फिरवला की संमोहित रुग्णाची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. बेल्जियमचे अभ्यासक डेलबेफ यांनी तो खोडून काढला. प्रयोग करणाऱ्याला काय हवे आहे हे रुग्णांना कळत होते आणि त्या तसे वागत होत्या. बिने यांना चूक जाहीरपणे मान्य करावी लागली.

या नामुष्कीतून ते एक गोष्ट शिकले. तपासणाऱ्याची अपेक्षा निकालात उतरते.

घरातल्या दोन मुलींनी काय शिकवले?

मादलेन आणि अलिस या आपल्या दोन मुलींचे बिने बारकाईने निरीक्षण करत. चालायला शिकताना मादलेन जवळच्या आधारापर्यंत जपून जाई, तर अलिस बेधडक खोलीच्या मधोमध निघे. एकाच घरातल्या दोन मुली, पण शिकण्याच्या तऱ्हा वेगळ्या होत्या.

त्या काळी डोक्याच्या मापावरून बुद्धी ठरवण्याची पद्धत होती. बिने यांनीही शाळकरी मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांमधला फरक नगण्य निघाला. शिवाय मोजताना आपला कल आकड्यांत उतरतो, हेही त्यांना दिसले. त्यांनी तो मार्ग सोडला.

चाचणीची गरज का पडली?

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने ६ ते १३ वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे झाले. सगळी मुले शाळेत आली आणि काही मागे पडू लागली. अशा मुलांना मनोरुग्णालयांना जोडलेल्या विभागांत ठेवावे, असे काही डॉक्टरांचे मत होते. मुलांची जागा शाळेतच आहे, यावर बिने ठाम होते.

१९०४ मध्ये सरकारने आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. मदतीची गरज असलेले मूल ओळखायचे कसे? शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या मतावर ते सोडले, तर खोडकर किंवा अबोल मूलही ‘मंद’ ठरू शकत होते. म्हणून बिने आणि डॉ. थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० कृतींची श्रेणी तयार केली. डीएड-बीएडच्या पुस्तकांतली ‘बिने-सायमन चाचणी’ ती हीच. जळती काडी फिरवली की नजर तिच्यामागे जाते का, तीन अंक ऐकून परत सांगता येतात का, दोन वजनांतले जड कोणते, अशा सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या त्या कृती होत्या. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत ‘मानसिक वय’ ही कल्पना आली.

मुले ओळखल्यावर पुढे काय?

बिने यांच्या दृष्टीने खरे काम इथून सुरू होत होते. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, हा समज त्यांना मान्य नव्हता. विशेष वर्गात १५ ते २० च मुले असावीत, असे त्यांनी सुचवले. आधी लक्ष देणे, ऐकणे, स्थिर राहणे शिकवायचे आणि मग धडे, असा त्यांचा क्रम होता. त्यासाठी आपल्याकडची मुले खेळतात तसा ‘स्टॅच्यू’चा खेळही होता. हे वर्ग वेगळे होते, त्यामुळे आजच्या अर्थाने ते सर्वसमावेशक शिक्षण नव्हे. पण हे मूल शिकू शकते आणि शिकवण्याची पद्धत बदलण्याची जबाबदारी शाळेची आहे, हा विचार त्यात होता.

मग गडबड कुठे झाली?

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी बिने यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली आणि बुद्ध्यांक जन्माला आला. अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांनी चाचणीचे भाषांतर केले, तर लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये ‘स्टॅनफर्ड-बिने’ आवृत्ती काढली. बुद्धी आनुवंशिक आणि न बदलणारी आहे, असे दोघेही मानत. परिणाम भयंकर झाला. व्हर्जिनियातील कॅरी बक या तरुणीला याच चाचणीच्या आधारे ‘मतिमंद’ ठरवले गेले. तिची सक्तीने नसबंदी करण्यास १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी दिली.

आपल्याशी याचा संबंध काय?

व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. ‘बिने-कामत चाचणी’ भारतात अनेक दशके वापरात आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि सर्वसमावेशक शिक्षणाची तरतूदही आहे.

म्हणजे आज अहवाल हातात आला की त्या कागदाचे दोन उपयोग होऊ शकतात. त्या आधारे मुलाला वाढीव वेळ, वेगळी पद्धत आणि वर्गातली जागा मिळू शकते किंवा त्याला ‘जमणार नाही’ असे म्हणून बाजूला करता येते. बिने यांनी चाचणी बनवली होती ती पहिल्या उपयोगासाठी.